मदत हवी आहे: ऑफिसात जुन्या थिंकपॅडवर एकही साइट उघडत नाही

शाईपेन: जरा लवकर सांगा. अनुवादाचं सगळं काम मी माझ्या जुन्या थिंकपॅडवर करते. घरी व्यवस्थित चालतो. ऑफिसात वायफाय लागतं, पण कुठलीही साइट उघडली की सर्टिफिकेटचं काहीतरी येतं. बाकीच्यांचे लॅपटॉप सुरळीत आहेत. पाचच्या आत 40 पानं पाठवायची आहेत. नवा घ्या असं कृपया सांगू नका.

मिस्त्री: कुठला थिंकपॅड? टी42 की टी420? सात वर्षांचा फरक आहे दोघांत. सिस्टीम कुठली? आणि त्या पानावर नेमकं काय लिहिलंय?

खटपट्या: विंडोज एक्सपी असणार. तिचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 लाच संपला. डेबियन लिनक्स टाका, मी माझ्या तिन्ही जुन्या मशीनवर तेच टाकलंय.

शाईपेन: टी42, दीड जीबी रॅम. एक्सपी नाही, अँटिएक्स आहे, जुन्या मशीनवर चालणारं हलकं लिनक्स, 32 बिटवालं.

खटपट्या: मग डेबियन 12 च घ्या. 13 चा 32 बिट इन्स्टॉलर येत नाही.

मिस्त्री: अहो, त्यांना पाचच्या आत पानं पाठवायची आहेत. आत्ता सिस्टीम बदलायला कुठे सांगताय?

आठओळी: लेखनच करायचं असेल तर टीआरएस-80 मॉडेल 100 हा छोटा पोर्टेबल कंप्युटर बघा. 1983 चा. पडद्यावर 40 अक्षरांच्या फक्त आठ ओळी, पण चार पेन्सिल सेलवर सुमारे वीस तास चालतं. अमेरिकेतले बातमीदार त्यावर बातमी लिहून फोनच्या तारेवरून पाठवायचे. तसा कीबोर्ड पुन्हा झाला नाही.

नीरा_इन्स्क्रिप्ट: त्यावर देवनागरी कशी लिहिणार? कीबोर्ड टी42 चाच. कळांच्या सात ओळी, आणि विंडोज की नाही म्हणून कंट्रोल, आल्ट ऐसपैस. शाईपेन, मराठी-इंग्रजी बदलायला तुम्ही कुठली की ठेवलीय?

शाईपेन: उजवा आल्ट. पण आधी माझं बघा ना कुणीतरी! पानावर 'तुमच्या संगणकाचं घड्याळ चुकीचं आहे' अशा अर्थाचं आहे.

मिस्त्री: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. सुरू करताना काही मेसेज येतो?

शाईपेन: दोनदा बीप होतं, 0271 आणि तारीख-वेळ तपासा असं येतं. मी एस्केप दाबून पुढे जाते. ते तर दोन वर्षं येतंय, त्याचा काय संबंध? मोठी बॅटरी कामातून गेलीय, म्हणून काढून ठेवलीय.

मिस्त्री: तोच संबंध आहे. आतला बटण सेल संपलाय आणि मोठी बॅटरीही नाही, त्यामुळे चार्जर काढला की घड्याळ थांबतं आणि जुन्या तारखेवर परत जातं. घरी एनटीपी, म्हणजे घड्याळ जुळवणारी सेवा, नेटवरून वेळ लावत असेल. ऑफिसच्या फायरवॉलने बहुतेक 123 पोर्ट, म्हणजे एनटीपीची वाट, अडवलंय. सिस्टीमच्या मते आज वीस वर्षांपूर्वीचा दिवस असेल, तर साइटचं आजचं सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याचा ठराविक मुदतीचा दाखला, तिच्या लेखी अजून लागूच झालेलं नाही. आत्ता तारीख हाताने लावा आणि चार्जर काढू नका.

खटपट्या: आयटीवाल्यांना पोर्ट उघडायला सांगा, सेलची गरजच नाही.

मिस्त्री: एका सेलसाठी फायरवॉल उघडायचा? सेल बदला. सीआर2032 आहे, पण वायरवाला घ्या, साधा बसत नाही. खालचे स्क्रू काढून कीबोर्ड उचलावा लागतो. त्याची पट्टी बोर्डाला जोडलेली असते, एकदम ओढू नका. नवा सेल बसला की एफ1 दाबून सेटअपमध्ये तारीख भरा आणि सेव्ह करा.

शाईपेन: घड्याळ खरंच 2004 सालात होतं! तारीख लावली, साइट उघडतायत. मनापासून आभार. पानं पाठवून सेलचं बघते.

आठओळी: सेलसाठी कीबोर्ड काढाल तेव्हा ब्रशने धूळही झाडून घ्या. पंख्याच्या पात्यांवरचीसुद्धा.