मॅट कागदावर कोकणकडा काळाठिक्कर छापून येतोय, लेव्हल्स कशा लावू?

डोंगरभटक्या
हरिश्चंद्रगडावर पावसाळ्यात काढलेला कोकणकड्याचा कृष्णधवल फोटो १२ बाय १८ इंचात, मॅट कागदावर छापून घेतला. स्क्रीनवर कातळाच्या भेगा, कपारी, सगळं दिसतं. प्रिंटमध्ये नुसता काळा ठोकळा, आणि धुक्याच्या जागी कोरा कागद. एक्स्पोजर वाढवलं तर धुक्याचं आणखीच वाटोळं. फोटो सुधारायला गिंप हे सॉफ्टवेअर वापरतो. काय करू?

अंधारखोली
आधी मॉनिटरचा ब्राइटनेस उतरवा. खोलीच्या उजेडात कोरा कागद शेजारी धरा आणि पांढरी विंडो साधारण तेवढीच उजळ दिसेपर्यंत खाली या. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

मग एक्स्पोजर विसरा. लेव्हल्स म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा जुळवायची खिडकी; तिथला मधला त्रिकोण डावीकडे सरकवून गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) १.० चा १.१५ ते १.२ करा. टोकं जागच्या जागी राहतात, कातळाचे गडद करडे तेवढे वर येतात. शेवटी खालची आउटपुट पट्टी, जिथे ० म्हणजे पूर्ण काळा आणि २५५ म्हणजे पूर्ण पांढरा: ० ऐवजी १२, २५५ ऐवजी २४५. २५५ म्हणजे तिथे शाई पडतच नाही, म्हणून धुक्यात भोक पडल्यासारखं दिसतं.

निशाचर
१२ आणि २४५ डोळे मिटून घेऊ नका हो. ग्लॉसीवर याहून गडद छटाही सुट्या दिसतात, मॅटवर त्याच गिळल्या जातात. छोटी पट्टी बनवा: ०, ५, १०, १५ असे ४० पर्यंत चौकोन, दुसऱ्या टोकाला २२५ ते २५५. त्याच लॅबमध्ये, त्याच कागदावर छापा. शेजारच्या काळ्यापासून जो चौकोन पहिल्यांदा सुटा दिसेल, तो तुमचा खालचा आकडा. आणि लॅबवाल्याला ऑटो करेक्शन बंद ठेवायला बजावून सांगा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

डोंगरभटक्या
पण ० काढून टाकला तर काळा फिका नाही पडणार?

अंधारखोली
पट्टीवर ० आणि १२ एकसारखेच दिसत असतील तर काय फिकं पडणार? ३० वर नेलात तर मात्र कडा राखेत लोळल्यासारखा दिसेल. तरी कातळ दबलेलाच वाटला तर फक्त त्याच्यावर मास्क लावून (म्हणजे बाकीचा फोटो झाकून) कर्व्हज, म्हणजे छटांची वक्ररेषा, थोडी उचला, धुक्याला हात नको. फाइल १६ बिटमध्ये ठेवा, त्यात छटांच्या पायऱ्या जास्त असतात. ८ बिटमध्ये एवढी ओढाताण केली की धुक्यात पट्टे उमटतात.

निशाचर
इंकजेट प्रिंट असेल तर मशीनमधून निघाल्या निघाल्या निकाल देऊ नका, शाई पूर्ण वाळू द्या. आणि बघा खिडकीच्या उजेडात; ट्यूबलाइटखाली करड्यावर हिरवट झाक दिसू शकते.