जीझिप केल्यावर मूळ फाइल कुठे गेली?

प्रश्न: लिनक्स सर्व्हरवरील 2 जीबीची लॉग फाइल (प्रोग्रॅमच्या कामाची नोंदवही) मी टर्मिनलमधून जीझिप या आज्ञेने आकुंचित केली, तेव्हा नावापुढे ‘.जीझेड’ लागलेली नवी फाइल तयार झाली, परंतु मूळ फाइल दिसेनाशी झाली. ती परत कशी मिळवावी?

उत्तर 1: घाबरण्याचे कारण नाही. काम यशस्वी झाले की मूळ फाइल काढून टाकणे हा जीझिपचा स्वभावच आहे. गनझिप ही उलटी आज्ञा चालवल्यास ती जशीच्या तशी परत मिळेल. मूळ प्रत राखायची असल्यास ‘-के’ हा पर्याय द्यावा. तो 2013 मधील 1.6 आवृत्तीपासून उपलब्ध असल्याने जुन्या सर्व्हरवर ‘-सी’ (आकुंचित मजकूर फाइलीऐवजी बाहेर पाठवणारा पर्याय) देऊन तो ‘>’ या चिन्हाने नव्या फाइलीत लिहावा लागतो. आकुंचित फाइल न उलगडता नुसती वाचायची असेल तर झेडलेस ही आज्ञा पुरे.

उत्तर 2: मला खरी काळजी वेगळीच वाटते. एखादा प्रोग्रॅम त्याच लॉगमध्ये अजून लिहीत असेल, तर तो पुसलेल्या फाइलीतच लिहीत राहतो; त्या नव्या ओळी ‘.जीझेड’मध्ये येत नाहीत आणि प्रोग्रॅम बंद होईपर्यंत डिस्कवरील जागाही मोकळी होत नाही. यासाठी लॉगरोटेट हे लॉग फाइली वेळोवेळी बदलून आकुंचित करणारे साधन वापरावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. सेवा चालूच होती, त्यामुळे जागा का वाढली नाही याचा आता उलगडा झाला.