गॅलरीतून दिसणाऱ्या मैत्रिणीकडे जायला दीड किलोमीटर

पेठेतून_वाकडला
दोन वर्षांपूर्वी सदाशिव पेठ सोडून आम्ही वाकडला आलो. आई ७१ वर्षांची. पेठेत ती लक्ष्मी रोडवरून तुळशीबागेत शिरायची आणि मंडईपाशी निघायची. एका बोळात गर्दी असली तर दुसरा होताच. इथे तिची भजनातली मैत्रीण मागच्याच सोसायटीत राहते. गॅलरीतून दोघी एकमेकींना हात करतात. मध्ये कंपाउंडची भिंत. गेट ते गेट मी चालून मोजलं, दीड किलोमीटर भरलं, त्यात निम्म्या वाटेला फुटपाथ नाही. आईने जाणं सोडलंय. शहर वाढताना रस्ते असे तुटक का होतात?

नकाशावाला
ताई, तुमचे दोन्ही सर्व्हे नंबर वेगळे असणार. ज्याचं शेत ज्या वर्षी विकलं गेलं, त्या वर्षी तेवढ्याच तुकड्याचा लेआउट मंजूर होतो. आतला रस्ता बांधापर्यंत येतो आणि थांबतो. शहराच्या विकास आराखड्यात फक्त मोठे रस्ते, म्हणजे डीपी रोड, असतात. बांधापलीकडची गल्ली जुळवणं कुणाच्याच गळ्यात नसतं.
शिवाजीनगरच्या जुन्या कागदांवर ‘भांबुर्डा टीपी स्कीम, फायनल प्लॉट नंबर’ असं दिसेल. टीपी स्कीम म्हणजे नगररचना योजना. तिथे सगळ्यांची जमीन एकत्र धरून आधी रस्ते आखले, मग प्रत्येकाला थोडा लहान पण चौरस प्लॉट परत दिला. १९१५च्या मुंबई नगररचना कायद्यातली ही सोय महाराष्ट्राच्या १९६६च्या कायद्यातही आहे. अहमदाबाद अशाच योजनांवर वाढलं. आपण ती बराच काळ बाजूला ठेवली, याचं मला फार वाईट वाटतं.

व्हर्जिनियाकर
इथे अमेरिकेतही हेच. १९३०च्या दशकात सरकारी गृहकर्ज यंत्रणेनेच बंद गल्ल्यांची शिफारस केली. २००९ मध्ये आमच्या राज्याने ठरवलं, की नव्या वसाहतीचे रस्ते शेजारच्यांना जुळले नाहीत तर त्यांची देखभाल राज्य घेणार नाही. पुढे नियम सैल झाला. जुन्या गल्ल्या मात्र होत्या तशाच आहेत. घरं बांधून झाल्यावर मधून रस्ता काढायला जागा कुठून आणणार?

बी_विंग
भिंत फोडली की बाइकवाले घुसणार. आमच्याकडे दोन चोऱ्या झाल्यात, लोक तयार होणार नाहीत.

पेठेतून_वाकडला
भीती खरी आहे. मी फक्त पायी जायचं दार मागतेय, सकाळी सहा ते रात्री नऊ, मध्ये लोखंडी खांब. ट्रान्सफॉर्मरच्या उजवीकडे चार फूट जागा मोकळी आहे. रविवारच्या कमिटी मीटिंगला विषय दिलाय. काय तयारी करू?

नकाशावाला
मंजूर लेआउटची प्रत घेऊन जा. अग्निशमनच्या गाडीची वाट तिथून जात नाही ना, ते आधी बघा. मग दोन्हीकडे सर्वसाधारण सभेचा ठराव. आणि ट्रान्सफॉर्मरपासून जरा लांबची जागा शोधा, तिथे दार नको.