फोन धड आहे, बॅटरी दमलीय. फ्रिज जुना आहे, पण चालतोय. यातलं बदलायचं काय?

पानगळ:
माझ्या जुन्या फोनचा स्क्रीन धड, कॅमेरा धड, पण दुपारपर्यंत चार्जिंग संपतं. घरचे म्हणतात, नवा घे, त्यात पुनर्वापर केलेलं प्लास्टिक असतं, वीजही कमी लागते, म्हणजे पर्यावरणाला तोच बरा. फ्रिज मात्र त्याहून कितीतरी जुना आहे, आणि त्याच्याबद्दल सगळ्यांचं एकमत, चालतोय तोवर चालवू. मला हे उलटं वाटतं, पण वाद घालायला मुद्दा सापडत नाही. कुणी आकड्यांनिशी समजावेल का?

स्क्रूड्रायव्हर:
तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे. मी दुरुस्तीचं काम करतो. कुठलीही वस्तू समोर आली की आधी एकच गोष्ट बघतो: हिचा भार बनवताना जास्त पडला की वापरताना?

फोनच्या आयुष्यभरातल्या कार्बन उत्सर्जनापैकी ढोबळमानाने 80 टक्के तो बनवतानाच झालेलं असतं. खाणीतून धातू काढणं आहेच, पण चिप बनवायला लागणारी वीज फार मोठी. त्यापुढे चार्जिंगची वीज किती? रोज पूर्ण चार्ज केला तरी वर्षाला पाच-सहा युनिट. त्यात नवा फोन बचत करून करून किती करणार? आणि प्लास्टिक तर या हिशेबात जवळजवळ नगण्य.

लिथियम-आयन बॅटरी झिजणारच. साधारण 500 पूर्ण चार्जनंतर तिची क्षमता 80 टक्क्यांच्या आसपास येते. तेव्हा बॅटरी बदला, फोन नको. फुगली असेल तर मात्र स्वतः उचकटू नका, टोचली गेली तर पेट घेते.

फ्रिजचं गणित नेमकं उलटं. तो चोवीस तास चालू, त्यामुळे भार मुख्यतः वापरातला. तरी लगेच नवा आणू नका. आधी दाराच्या रबरात कागद धरून ओढून बघा, सहज निघाला तर रबर बदला. मागची जाळी साफ करा. मग प्लगला लावायचा वीजमीटर मिळवून दोन-तीन दिवसांचं रीडिंग घ्या आणि त्यावरून वर्षाचे युनिट काढा. नव्या, तेवढ्याच आकाराच्या फ्रिजच्या लेबलवरच्या वार्षिक आकड्याच्या दुप्पट वगैरे निघालं, तर बदलणं योग्य. पण जुना फ्रिज 'जादाचा' म्हणून दुसऱ्या खोलीत चालू ठेवू नका, सगळी बचत तिथेच जाते. मोडीत देताना त्यातला वायू रीतसर काढून घेणाऱ्याकडेच द्या. जुन्या फ्रिजमधला आर-134ए हा थंडावा देणारा वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता अडकवतो. पाइप कापून हवेत सोडला की संपलं.

ताळेबंद:
सगळं पटलं, पण ग्राहकाच्याच डोक्यावर ओझं का? संयुक्त राष्ट्रांच्या बाराव्या शाश्वत विकास ध्येयाच्या नावात 'उपभोग' आहे तसं 'उत्पादन'ही आहे. 1924 साली बल्ब कंपन्यांनी एकत्र येऊन बल्बचं आयुष्य 1000 तासांवर आणलं, जास्त टिकणारे बल्ब बनवणाऱ्यांना दंड लावला. आज तेच काम गोंद करतो. बॅटरी चिकटवून टाकली की बदलायला कोण जाणार? 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला, त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला तो 22.3 टक्के.

स्क्रूड्रायव्हर:
शंभर टक्के सहमत. तो गोंद मी रोज तापवून सोडवतो, आणि दर वेळी वाटतं, इथे दोन स्क्रू का नाही दिले? कायद्याने फरक पडतो. फ्रान्समध्ये 2021 मध्ये फोन, लॅपटॉपसारख्या वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं झालं. युरोपीय संघात फेब्रुवारी 2027 पासून, काही अपवाद सोडता, बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. आणि पुनर्वापराने तांबं, सोनं परत मिळतं, चिप बनवायला जाळलेली वीज मिळत नाही. म्हणून माझा जोर टिकवण्यावर.

पानगळ:
रबरात कागद धरला, अलगद निघाला. नवीन रबर मागवते, मीटरही मिळवते. एकच शंका: फोनला अपडेट येणं थांबलं असेल तर?

स्क्रूड्रायव्हर:
बॅटरीवर खर्च करण्याआधी तेच तपासा. सेटिंगमध्ये शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख असते. अपडेट बंद असतील तर त्यावरून बँकेचे व्यवहार करू नका. गाणी, वाचन, घड्याळ यांसाठी तो पुढेही चालेल. अपडेट चालू असतील तर बिनधास्त बॅटरी बदला, फक्त देण्याआधी बॅकअप घ्या.