एसएबीसी: सरकारी वाहिनी की सार्वजनिक?

दक्षिण आफ्रिकेच्या एसएबीसीवर (साउथ आफ्रिकन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन) लिहितोय. आपल्याकडे पेपरात सरसकट 'सरकारी वाहिनी' छापतात, पण तिथं पब्लिक ब्रॉडकास्टर आणि स्टेट ब्रॉडकास्टर ह्यावरून खरीखुरी भांडणं झालीयेत. 'सार्वजनिक प्रसारक' चालेल का? आणि इकासा, म्हणजे तिथली प्रसारणाची लायसन्सं देणारी संस्था, ही नियामक की नियंत्रक?

--

सरळ सरकारी म्हणा की. पैसा सरकारचा, मालक सरकार, विषय संपला. प्रसारभारती आली तरी दूरदर्शनला आपण सरकारीच म्हणतो ना!

--

अहो, पैसा सरकारचा हेच चुकतंय. एसएबीसीचं उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचं, वर टीव्ही लायसन्स, वर्षाला २६५ रँड, जे लोक भरतच नाहीत. मालकी सरकारची हे मान्य, पण वाद मालकीचा नाहीये, खुर्चीत कोण कोणाला बसवतं ह्याचा आहे. वर्णभेदाच्या काळात ती सरकारचा भोंगाच होती, टीव्हीसुद्धा सरकारनं १९७६ पर्यंत देशात येऊ दिला नव्हता, म्हणूनच पुढं १९९६ च्या घटनेत कलम १९२ आलं, प्रसारणाचं नियमन जनहितासाठी स्वतंत्र प्राधिकरणानं करावं असं. बघा, 'स्वतंत्र' हा शब्द तिथं नियमन करणाऱ्याला लावलाय.

आता २०१६ बघा. स्थानिक निवडणुका तोंडावर, आणि मे महिन्यात एसएबीसीनं जाहीर केलं की आंदोलनात सार्वजनिक मालमत्तेची जाळपोळ होतानाची दृश्यं आम्ही दाखवणार नाही, का तर ते बघून बाकीचे पेटतात. तेव्हा कारभार ह्लाउडी मोत्सोएनेंग ह्यांच्या हातात, ज्यांनी मॅट्रिक पास असल्याचं खोटं सांगितलं होतं असं २०१४ मध्येच लोकपाल थुली माडोन्सेला ह्यांच्या अहवालात आलेलं. आतल्या पत्रकारांनी विरोध केला तर आठ जणांना काढून टाकलं. जुलैमध्ये इकासानं सांगितलं बंदी मागे घ्या, आणि कामगार न्यायालयानं चौघांना त्याच महिन्यात परत घ्यायला लावलं. नुसतं 'सरकारी' लिहिलंत तर वाचणारा म्हणणार, सरकारी आहे, असंच वागणार, त्यात बातमी काय?

--

पण 'सार्वजनिक'नं काय साधतं? सार्वजनिक बांधकाम विभाग पक्का सरकारी, आणि सार्वजनिक गणपती वर्गणीचा.

--

हाहा, बरोबर. म्हणून मी 'लोकप्रसारक' वापरून बघितला, पण तो कानाला लोकनाट्यासारखा वाटतो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझं मत पक्कं, नियामकच. आपल्याकडे शिधावाटपाला नियंत्रक असतो, तो धान्य कुठं जाईल ते स्वतः ठरवतो. विजेला नियामक आयोग, तो वीज बनवत नाही, दर आणि नियम ठरवतो, तक्रारी ऐकतो. इकासा दुसऱ्या जातीची, लायसन्स देते, तक्रार आली की सुनावणी घेते. रोजच्या बातम्यांत काय जावं हे ती ठरवायला लागली तर मग नियंत्रक म्हणा. आणि मंत्र्यांना नियंत्रक व्हायचंच होतं, एसएबीसीच्या वरच्या अधिकाऱ्यांच्या नेमणुकांना त्यांची संमती लागायची, ते ऑक्टोबर २०१७ मध्ये हायकोर्टानं बंद केलं.

--

धन्यवाद सगळ्यांना. मग पहिल्यांदा 'सरकारी मालकीची सार्वजनिक प्रसारण संस्था', पुढं नुसतं एसएबीसी, आणि इकासा नियामक. वर्णभेदाच्या भागात 'सरकारी' तसंच ठेवतो.

--

आणि मे ते जुलै २०१६ च्या भागात?

--

तिथं 'सार्वजनिक'च. नाहीतर त्या आठ जणांनी नोकऱ्या कशावरून घालवल्या ते कळायचंच नाही.