मदत हवी आहे : जानेवारीत अंदमान, नाशिकचे १४ जण, सामान काय घ्यायचं?

कॉलेजरोड
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चार कुटुंबं मिळून अंदमानला निघतोय. ९ मोठे, ३ मुलं (वय ४, ९ आणि १२) आणि २ ज्येष्ठ. दोघांनाही बीपी, त्यातल्या एकांना इन्सुलिन. सहा रात्री आहेत : पोर्ट ब्लेअर १, हॅवलॉक २, नील २, परत पोर्ट ब्लेअर १. नाशिकहून रात्री टेम्पो ट्रॅव्हलर, मुंबईहून पहाटेचं विमान. चेक-इन १५ किलो, हातात ७ किलो.

ग्रुपवर यादी फिरतेय, पण ती वाढतच चाललीय. इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, सहा छत्र्या, दहा किलो फराळ. कोणाला काय सांगून थांबवायचं कळत नाहीये. थंडीचे कपडे, चपला-बूट, औषधं आणि खाणं, या चारांवर नेमकं सांगा. बाकी काही सुटत असेल तर तेही.

भिजकी_वाळू
आधी यादीचे दोन भाग करा. एक 'प्रत्येकाचं', दुसरं 'ग्रुपचं'. ग्रुपच्या यादीत प्रत्येक वस्तूसमोर एकाच माणसाचं नाव लिहा. नाव नसलं की ती वस्तू एकतर पाच जण आणतात, नाहीतर कोणीच आणत नाही. इस्त्री, किटली, छत्र्या सगळं इथेच निकालात निघेल. किटली बहुतेक हॉटेलांत मिळते, आधी फोन करून विचारा. इस्त्री लागत नाही.

आता कपडे. नाशिकच्या हवेत जानेवारीत धुतलेली जीन्स दुपारपर्यंत वाळते. तिथे समुद्राची दमट हवा, त्यामुळे जाड सुती कपडा दोन दिवस ओलाच राहतो आणि कुबट वास धरतो. म्हणून निकष एकच ठेवा : रात्री पिळून टाकलेला कपडा सकाळी घालता आला पाहिजे. सिंथेटिक टी-शर्ट, नायलॉनची हाफ पँट, पातळ कुर्ते चालतात. जीन्स प्रवासात अंगावर असेल तेवढीच, बॅगेत एकही नको. टर्किश टॉवेल तर अजिबात नको. ओला झाला की किलोभर वजन वाढतं. पंचा किंवा मायक्रोफायबरचा टॉवेल घ्या. प्रत्येक खोलीमागे पाच मीटर नायलॉनची दोरी आणि आठ-दहा चिमटे, एवढ्यावर निम्मे कपडे कमी होतात.

माणशी हिशोब : पाण्यात उतरायचे दोन जोड (एक ओला, एक वाळत), फिरायचे चार जोड, रात्रीचा एक. पाण्यातल्या जोडीत पूर्ण बाह्यांचा घट्ट टी-शर्ट हवाच. स्नॉर्कलिंगला माणूस तासभर पालथा तरंगतो आणि पाठ, मान, पोटऱ्या भाजून निघतात. पाणी गार लागत असल्यामुळे ते संध्याकाळी कळतं. मुलांना तर अशा टी-शर्टशिवाय पाण्यात सोडू नका.

सनस्क्रीन सगळेच कमी नेतात. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला एका वेळी साधारण ३० मिली लागतं आणि दर दोन तासांनी, शिवाय पाण्यातून बाहेर आल्यावर, पुन्हा लावावं लागतं. पूर्ण बाह्या असतील तर चेहरा, मान, हात, पाय एवढ्यावर भागतं. तरी माणशी १०० ते १५० मिली धरा. झिंक ऑक्साइडवालं घ्या. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेलं टाळा, ते प्रवाळाला अपायकारक मानतात. अमेरिकेच्या हवाई बेटांवर २०२१ पासून त्या दोन्हींच्या विक्रीवर बंदी आहे.

पायात : फ्लोटर्स, मागे पट्टा असलेले, रबरी तळव्याचे. नीलच्या नॅचरल ब्रिजला ओहोटीच्या वेळीच जाता येतं आणि तेव्हा मृत प्रवाळाच्या खडबडीत, शेवाळलेल्या खडकावरून चालावं लागतं. अंगठ्याची चप्पल तिथे पायात राहत नाही. पांढरे स्पोर्ट्स शूज भिजले की ट्रिपभर ओले. ज्येष्ठांसाठी फ्लोटर्स आत्ताच घ्या, शालिमार-मेन रोडला भरपूर मिळतात, आणि निघायच्या आधी आठवडाभर घरात वापरू द्या. नवा पट्टा टाचेला लागला आणि फोड फुटला की खारं पाणी झोंबतं.

पंचवटी_एक्सप्रेस
थंडीच्या कपड्यांचं. तुम्ही निघाल तेव्हा नाशिकला दहा अंशांच्या आसपास असेल, पोर्ट ब्लेअरला रात्रीही बावीस-तेवीस. म्हणजे स्वेटर फक्त गाडीपुरते. परतीला हीच गाडी ठरलेली असेल तर जाड स्वेटर, शाली, कानटोप्या एका पोत्यात भरून गाडीतच ठेवा, तसं आधी चालकाशी बोलून घ्या. विमानात आणि बोटीच्या एसीत पुरेल असं एक पातळ जॅकेट माणशी जवळ ठेवा. खासगी फेरी बोटींच्या केबिनमध्ये एसी जोरात असतो, मुलं आणि ज्येष्ठ कुडकुडतात.

बॅगा : मोठ्या चार चाकांच्या ट्रॉलीचा विमानतळापर्यंतच उपयोग. पुढे जेट्टीवर लाकडी फळ्या, उतार, पायऱ्या आणि गर्दी, तिथे बॅग उचलावीच लागते. एका हाताने उचलता येईल एवढीच भरा, म्हणजे १०-१२ किलो. सॉफ्ट डफल बॅग सगळ्यात सोयीची. प्रत्येक बॅगेला एकाच भडक रंगाची रिबीन बांधा, जेट्टीवर ढिगातून बॅगा ओळखायच्या असतात.

तिकिटं तपासा. एका ऑनलाइन बुकिंगमध्ये साधारण ९ जणच बसतात, म्हणजे तुमचे १४ जण दोन पीएनआरवर असणार. एका पीएनआरवरच्या लोकांचं वजन काउंटरवर बहुधा एकत्र धरतात, पण दुसऱ्या पीएनआरचं त्यात मिसळत नाही. जड बॅगा दोन्हीकडे विभागून ठेवा. घरी स्प्रिंगच्या काट्यावर वजन करा, विमानतळावर कपडे उपसण्यापेक्षा ते बरं.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाही. मर्यादा १०० वॉट-तास : २०,००० एमएएचची बँक ७४ वॉट-तासांची असते, ती चालते. बँकेवरचा आकडा पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत अडवतात. माचीस, लायटर कुठेच नको. प्रसादासाठी सुक्या खोबऱ्याची वाटी चेक-इनमध्ये टाकायची सवय असते, तीही काढून ठेवा. खोबऱ्यात तेल असल्यामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं. लोणचं हातातल्या बॅगेत अडवतात. न्यायचंच तर दोन पिशव्यांत बांधून चेक-इनमध्ये.

मुलांसकट सगळ्यांची मूळ ओळखपत्रं आणि झेरॉक्सचे दोन संच. जागांची नावंही सगळ्यांना सांगून ठेवा. हॅवलॉक आता स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, आणि २०२४ पासून पोर्ट ब्लेअर श्री विजयपुरम. तिकिटावर एक, हॉटेलच्या पावतीवर दुसरं असं दिसलं की ज्येष्ठ मंडळी गोंधळतात.

औषधवाला
औषधांची एकच पेटी ग्रुपसाठी आणि रोजची औषधं ज्याची त्याच्याकडे, हा नियम पाळा. बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसह, आणि दिवसांच्या दीडपट. हवामानामुळे फेरी रद्द झाली तर एक-दोन दिवस बेटावर अडकायला होतं.

इन्सुलिन चेक-इनमध्ये कधीच नको. तिथे गोठण्याचा धोका असतो आणि गोठलेलं इन्सुलिन वितळून वापरता येत नाही. वापरात असलेलं पेन साधारण ३० अंशांच्या खाली राहिलं तर चार आठवडे टिकतं, पण किनाऱ्यावर उन्हात ठेवलेल्या पिशवीत ते बिघडतं. इन्सुलेटेड पाऊच घ्या. बर्फाचा पॅक थेट पेनला लावू नका, मध्ये रुमाल ठेवा.

बोट लागणं : प्रोमेथाझिन, म्हणजे अव्होमिन. बोटीच्या तासभर आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर फारसा उपयोग नाही. झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचीच नाही, तुमच्या चार वर्षांच्या मुलाचं प्रमाण बालरोगतज्ज्ञांकडून लिहून आणा. कसारा घाटात गाडी लागणारे निघतानाच एक घेतात, त्यांनी विमानात लगेच दुसरी घेऊ नये. बोटीत मधल्या भागातल्या, खालच्या मजल्यावरच्या सीट मागा, तिथे हेलकावे कमी.

ओआरएस : मोठ्या पुड्या एक लिटर पाण्यासाठी असतात, छोट्या २०० मिलीसाठी. दोन्ही मिसळून नेल्या की मोठी पुडी पेलाभर पाण्यात टाकली जाते. त्या तीव्र द्रावणाने मुलांना उलट त्रास होतो. एकाच मापाच्या २० पुड्या घ्या. बाकी पॅरासिटामॉल, सेटिरिझिन, कॅलामाइन, पोव्हिडोन आयोडीनचं मलम, जलरोधक पट्ट्या, चिमटा. प्रवाळाने कापलं तर लगेच साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवा, कण राहिले तर जखम चिघळते. जेलीफिशचा चटका बसला तर गोडं पाणी ओतू नका, चोळूही नका. व्हिनेगर, नसेल तर समुद्राचंच पाणी. म्हणून १०० मिली व्हिनेगर पेटीत ठेवा.

वाळूतल्या बारीक माश्या हा तिथला खरा उपद्रव. संध्याकाळी उघड्या पायांनी वाळूत बसलं की दुसऱ्या दिवशी खाजरे फोड. खाजवले की पिकतात. चटई आणि ओडोमॉससारखं मलम पायांना, इतकंच. सेल्युलर जेलचा दृक्-श्राव्य कार्यक्रम उघड्यावर, अंधार पडल्यावर असतो, तिथेही पूर्ण बाह्या आणि मलम लावून बसा.

गोदाकाठ
दहा किलो फराळ कशाला? जेवण सगळीकडे मिळतं, शाकाहारीही. चिवडा दोन किलो, खाकरे, मुलांची बिस्किटं आणि सकाळच्या फेरी बोटीसाठी राजगिऱ्याचे लाडू. तेलकट, ओला पदार्थ दमट हवेत तिसऱ्या दिवशी खवट लागतो. चिवडाही अर्ध्या-अर्ध्या किलोच्या बंद पाकिटांत न्या, एक उघडलं की संपवा. स्टीलची पाण्याची बाटली माणशी एक.

कॉलेजरोड
सगळ्यांचे आभार. यादी निम्मी झाली! आणखी तीन शंका. मोबाईल वाळूत, पाण्यात वापरायला काय? दोघांना स्कूबा करायचं आहे, ते शेवटच्या दिवशी ठेवलं तर? आणि मुलांना शंख-शिंपले गोळा करायचे आहेत, त्यासाठी वेगळी बरणी नेऊ का?

भिजकी_वाळू
बरणी नेऊ नका. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, मेलेला तुकडासुद्धा नेता येत नाही, शंखांच्याही कित्येक जाती त्यात येतात. मुलांना कोणती जात चालते ते कळणार नाही आणि विमानतळावर तपासणीत बॅग उघडतात. किनाऱ्यावर बघून तिथेच ठेवायचं, हे निघण्याआधीच सांगा. तिथे रडारड नको.

स्कूबा शेवटच्या दिवशी नाहीच. डुबकीनंतर किमान १८ तास विमान नको, हिशोब २४ चा धरा. शरीरात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे धरतो. हॅवलॉकच्या दोन दिवसांतच उरका. दमा, कानाचा त्रास, हृदयविकार असेल तर तिथला फॉर्म प्रामाणिकपणे भरा. चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क मिळेल का ते आधी विचारा.

मोबाईलचे पाऊच दोन-तीन पुरेत. आत टिश्यू पेपर भरून बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, कोरडा निघाला तरच फोन घाला. पाण्याखाली स्क्रीन स्पर्श घेत नाही, व्हॉल्यूमचं बटण शटरला लावून ठेवा. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की भिंगावर वाफ धरते. झिपच्या पिशवीत घालूनच बाहेर न्या आणि २०-३० मिनिटांनी उघडा. कपडे आणि पाकिटांसाठी २० लिटरची ड्राय बॅग प्रत्येक कुटुंबाला एक. दोन तृतीयांशच भरा, तोंड तीनदा गुंडाळून बकल लावा. काठोकाठ भरली की तोंड गुंडाळलं जात नाही आणि पाणी शिरतं.

पंचवटी_एक्सप्रेस
दोन राहिलेल्या गोष्टी. जानेवारीत तिथे सूर्य सव्वापाच-साडेपाचलाच मावळतो, कारण बेटं खूप पूर्वेला आणि घड्याळ आपलंच. राधानगर किनाऱ्यावरून परतताना अंधार असतो, दोन कुटुंबांत मिळून एक टॉर्च ठेवा. आणि बेटांवर यूपीआय नेटवर्कच्या मर्जीवर चालतं. रोख रक्कम पोर्ट ब्लेअरलाच काढा, थोडी प्रत्येक कुटुंबाकडे, ५० आणि १०० च्या नोटा जास्त. रिक्षावाल्याकडे ५०० चे सुटे नसतात.

कॉलेजरोड
सहा छत्र्यांचं काय करू? पाऊस नसेल ना?

भिजकी_वाळू
जानेवारी कोरडाच जातो, एखादी सर येऊ शकते. दोन घ्या, ज्येष्ठांना उन्हासाठी. बाकीच्यांना मानेमागे झालर असलेल्या टोप्या द्या. बोटीच्या डेकवर वाऱ्याने टोपी उडते, हनुवटीखाली दोरी असलेलीच घ्या.