सातपूरच्या वर्कशॉपमधला उबुंटू १८.०४ : सपोर्ट आहे की संपला?

सातपूरकर
मंडळी, सातपूर एमआयडीसीत आमचं छोटं मशिन शॉप आहे. ऑफिसातल्या जुन्या पीसीवर उबुंटू १८.०४ (लिनक्सची २०१८ ची आवृत्ती) आणि त्यावर सांबा, म्हणजे विंडोजच्या पीसींना नेटवर्कवरून फाइल देणारं सॉफ्टवेअर. ड्रॉइंग, सीएनसीचे (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनचे) प्रोग्राम, सगळं त्या एकाच शेअरवर, म्हणजे सामायिक फोल्डरवर. दोन्ही शिफ्टची पोरं तिथूनच फाइल उचलतात. शेठ म्हणतात, एवढी वर्षं बंद पडला नाही, हात कशाला लावायचा? पण यंदा कस्टमरच्या ऑडिटवाल्यांनी विचारलं, ‘सिक्युरिटी अपडेट येतात का?’ अपडेट चालवलं तर एररही येत नाही. म्हणजे सपोर्ट आहे ना? दुसरं म्हणजे, एका जुन्या टर्निंग सेंटरशेजारी (सीएनसी लेथशेजारी) विंडोज एक्सपीचा पीसी आहे. तोही याच शेअरवरून प्रोग्राम घेतो. त्या पीसीचा शेअरशी संपर्क तुटला तर ते मशिन बंद पडून राहील, आणि डिस्पॅच त्याच्यावरच अवलंबून आहे.

गंगापूररोड
१८.०४ चा नेहमीचा सपोर्ट ३१ मे २०२३ ला संपला. एरर येत नाही कारण रिपॉझिटरी (अपडेट जिथून उतरतात तो साठा) जागेवर आहे, फक्त तिच्यात नव्या दुरुस्त्या पडत नाहीत. सरळ डेबियन (दुसरं लिनक्स) टाका.

अंबडचा अ‍ॅडमिन
भाऊ, आधी काहीही पुसू नका. उबुंटू प्रो, म्हणजे उबुंटूच्या वाढीव सपोर्टचं टोकन (नोंदणीचा कोड) घ्या. पाच कॉम्प्युटरपर्यंत फुकट मिळतं, छोट्या धंद्यालाही चालतं. ते जोडलं की १८.०४ ला एप्रिल २०२८ पर्यंत सिक्युरिटी दुरुस्त्या मिळतात, सांबाच्या सुद्धा. मग टर्मिनलमध्ये ‘प्रो सिक्युरिटी-स्टेटस’ चालवा, जे दिसेल ते प्रिंट काढून ऑडिटवाल्यांना द्या. हे आजच होण्यासारखं आहे.

एक्सपीचं मात्र नीट ऐका. एक्सपीला फक्त एसएमबी१, म्हणजे नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याची जुनी पद्धत, येते. सांबा ४.११ पासून ती मुळातच बंद असते, म्हणजे २०.०४ वर गेलात की त्या पीसीला शेअर दिसणारच नाही. सांबाच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा मिनिमम प्रोटोकॉल एनटी१ (एसएमबी१ चंच सांबातलं नाव) केला तर दिसेल, पण मग सगळ्या शॉपसाठी ते जुनं दार उघडं राहतं. २०१७ चा वॉनाक्राय (फाइल ओलीस धरून खंडणी मागणारा व्हायरस) विंडोजच्या एसएमबी१ मधल्या भोकातूनच पसरला होता. मी असतो तर एक्सपीसाठी एक वेगळा डबा (छोटा सर्व्हर) ठेवला असता: त्यात त्या मशिनचे प्रोग्राम तेवढे, शेअर रीड-ओन्ली (फक्त वाचता येईल असा), इंटरनेट नाही, नेटवर्कचा स्विचही वेगळा. मुख्य सर्व्हरला एसएमबी१ पासून मोकळं करा.

सिडको२
अ‍ॅडमिन म्हणतात ते पटतं. फक्त तारखेवर आंधळा भरवसा नको. सेंटॉस ८ ला (सर्व्हरवर चालणारं आणखी एक लिनक्स) २०२९ पर्यंत सपोर्ट म्हणाले होते, २०२१ च्या अखेरीस बंद केला. किती लोकांनी त्याच्यावर सर्व्हर उभे केले होते! लिनक्स कोणतंही घ्या, डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर हवीच.

सातपूरकर
टोकन जोडलं, अपडेट उतरायला लागले. आता १८.०४ वरून थेट २४.०४ करता येईल का?

अंबडचा अ‍ॅडमिन
जागच्या जागी अपग्रेड करायचा तर २०.०४, मग २२.०४, मग २४.०४, एक-एक पायरी. मधली गाळता येत नाही. तुमच्याकडे फक्त शेअर आहे, तेव्हा नव्या डिस्कवर २४.०४ स्वच्छ टाका, फाइल कॉपी करा, जुनी डिस्क काढून कपाटात ठेवा. औद्योगिक सुट्टीच्या दिवशी करा, म्हणजे दोन्ही शिफ्ट मोकळ्या असतील. आणि एक्सपीचा डबा त्याच्या आधी उभा करून, त्यावरून एक प्रोग्राम मशिनला उतरवून बघा.